लाकडाचा भुसा आंबविण्याची रीत व भुंग्यांचे संगोपन

शेणखताचा खड्डा उपसताना लठ्ठ, पांढऱ्या आणि विळ्यासारख्या वळलेल्या अळ्या ज्याच्या फावड्याखाली आल्या नाहीत, असा शेतकरी कोकणात विरळाच आढळेल. यांतील पुष्कळशा अळ्या माडाचा वैरी जो गेंड्या भुंगा, त्याच्या असतात. याच कुळातील एक भुंगा जपानमध्ये मात्र मुलांचा लाडका सोबती होऊन बसला आहे. त्याला तेथे 'काबुतोमुशी' म्हणतात. 'काबुतो' म्हणजे योद्ध्याचे शिरस्त्राण आणि 'मुशी' म्हणजे कीटक. नराच्या डोक्यावरील फाटे फुटलेल्या शिंगामुळे त्यास हे नाव मिळाले.

या भुंग्याच्या अळीसाठी जपानी लोक लाकडाचा भुसा आंबवून खाद्य तयार करतात. ही रीत समजून घेणे आपल्या माडबागायतदारांस दोन प्रकारे उपयोगी आहे. कुजणाऱ्या ढिगात काय घडते हे तिच्यामुळे स्पष्ट होते, आणि कोणता ढीग अळीला मारतो व कोणता तिला पोसतो हेही कळून येते.

जपानी शेतीतील मूळ

जपानमधील खेड्यांभोवती कुनुगी व कोनारा या ओक जातीच्या झाडांची राने राखण्याची जुनी पद्धत होती. या रानांतून कोळसा व जळण मिळे आणि गळालेल्या पानांचे खत शेतात जाई. पानांच्या या खताच्या ढिगांतच काबुतोमुशीची मादी अंडी घाली. शिताके नावाची अळिंबी याच झाडांच्या ओंडक्यांवर पिकवितात. अळिंबी निघून गेल्यावर उरणारे ठिसूळ ओंडके दळून त्यांचा भुसा अळ्यांना घालण्याची प्रथा पुढे रूढ झाली. १९९९ मध्ये जपान सरकारने परदेशी भुंग्यांच्या आयातीवरील निर्बंध सैल केल्यावर हा छंद फारच वाढला व आंबविलेला भुसा पिशव्यांतून विकला जाऊ लागला. तथापि अनेक हौशी लोक तो अजूनही घरीच तयार करतात.

कच्चे लाकूड अळीला का चालत नाही?

लाकूड हे मुख्यतः तंतुद्रव्य व काष्ठद्रव्य यांचे बनलेले असते. त्यात नत्र अत्यल्प असते. एक भाग नत्रास कर्बाचे कित्येकशे भाग, असे भुशातील प्रमाण असते. अशा अन्नावर अळीची वाढ होऊ शकत नाही. भुशात गव्हाचा कोंडा व पाणी मिसळले म्हणजे जीवाणू व बुरशी प्रथम कोंड्यावर वाढतात आणि मग लाकडाकडे वळतात. त्यांच्या योगाने लाकूड मऊ पडते, आणि त्यांची स्वतःची शरीरे हेही अळीचे पौष्टिक अन्न होते. अळीच्या आतड्याचा मागील भाग फुगीर असून त्यातही असेच सूक्ष्म जीव वास करतात व उरलेले पचनाचे काम करतात. तात्पर्य, लाकडाचे अन्न होण्यास आरंभ अळीच्या पोटाबाहेर व्हावा लागतो.

साहित्य

रुंद पानांच्या व लवकर कुजणाऱ्या झाडाचा भुसा घ्यावा. जपानमध्ये ओक वापरतात. आपल्याकडे आंब्यासारख्या लाकडाचा भुसा घेण्यास हरकत नाही. सागाचे लाकूड कुजण्यास दाद देत नाही, म्हणून त्याचा भुसा टाळावा. देवदार, चीड यांसारख्या राळयुक्त झाडांचा भुसा निरुपयोगी होय. प्लायवूडचा अथवा औषध मारलेल्या लाकडाचा भुसा तर कधीही घेऊ नये, कारण त्यातील रसायने अळीस घातक असतात.

कोरडा भुसा २० किलो, गव्हाचा कोंडा २ किलो, पाणी सुमारे २० लिटर आणि रानातील कुजलेल्या पाल्याची माती दोन ओंजळी, असे प्रमाण ठेवावे. माती विरजणाचे काम करते. कोंडा अधिक घातल्याने काम लवकर होईल अशी समजूत करून घेऊ नये. त्यामुळे ढीग सडतो आणि डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास सुटतो.

कृती

भुसा चाळून ढलप्या काढून टाकाव्यात. त्यात कोंडा व माती कोरडीच एकजीव करावी, म्हणजे कोंड्याच्या गाठी होत नाहीत. नंतर थोडेथोडे पाणी शिंपडून मिश्रण कालवावे. ओल योग्य झाली की नाही हे मुठीने ओळखावे. मूठ घट्ट आवळली असता गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. गोळ्यास बोट लावताच तो फुटावा.

हे मिश्रण मोठ्या पिंपात अथवा लाकडी पेटीत भरून वर गोणपाट घालावे. भांडे सावलीत व पावसापासून दूर असावे. झाकण हवाबंद करू नये. अगदी लहान भांड्यात ऊब टिकत नाही आणि काम अर्धवट राहते, म्हणून एकदम बरेच मिश्रण करणे सोयीचे पडते.

एकदोन दिवसांत ढीग तापू लागतो. प्रथम आंबूस वास येतो. मध्यभागाची उष्णता ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि हात घातला असता सोसवत नाही. पहिला आठवडा रोज व पुढे दोनतीन दिवसांआड ढीग तळापासून वर असा पालटावा. पालटल्याने आत हवा जाते व बाहेरचा कच्चा भुसा मध्ये येतो. आतील भुसा कोरडा दिसल्यास पाणी शिंपडावे. वास कुबट आला तर हवा कमी पडत आहे असे समजून अधिक वेळा पालटावे.

ढीग तयार होण्यास हवामानाप्रमाणे सुमारे दीड ते तीन महिने लागतात. भुसा गडद तपकिरी होतो, बोटांत चुरडतो आणि त्यास पहिल्या पावसानंतरच्या रानमातीसारखा वास येतो.

घाईचा परिणाम

या कामात अळ्या मरतात त्या बहुधा घाईमुळे. वरून तयार दिसणाऱ्या भुशात कोंड्याचा अंश शिल्लक असला, तर तो पेटीत दाबून भरल्यावर पुन्हा तापतो. आतील प्राणवायू संपतो, दूषित वायू साठतो आणि अळ्या श्वासासाठी पृष्ठभागावर येतात. अळ्या वर येऊन पडल्या की त्या भुशात दोष आहे असे जाणावे व त्यांना ताबडतोब बाहेर काढावे.

हे टाळण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. तयार भुसा एका मडक्यात दाबून भरावा, ओल नीट करावी व तोंडावर फडके बांधावे. तीन दिवसांत मडक्याच्या मध्यभागी ऊब लागली, तर ढीग आणखी काही दिवस पालटत राहावा. ऊब न लागल्यास भुसा सावलीत दोनतीन दिवस पसरून त्यातील वायू जाऊ द्यावा व मगच अळ्या सोडाव्यात.

अळीचे संगोपन

काबुतोमुशीची मादी उन्हाळ्यात, म्हणजे तेथील जुलै-ऑगस्टमध्ये अंडी घालते. अंड्यांतून सुमारे दोन आठवड्यांत अळ्या बाहेर पडतात, दोनदा कात टाकतात आणि शरद ऋतूपर्यंत तिसऱ्या अवस्थेत पोहोचतात. नराची चांगली पोसलेली अळी २० ते ३० ग्रॅम वजनाची भरते. भुशात लेंड्या अधिक दिसू लागल्या म्हणजे त्या चाळून काढाव्यात आणि जुन्या भुशात नवा मिसळावा. सर्व भुसा एकदम बदलू नये. हिवाळा अळी स्वस्थ राहून काढते. वसंतानंतर ती भुशात उभी पोकळी करून कोषात जाते. त्या काळात पेटी हलवू अथवा उकरू नये, कारण पोकळी मोडली तर भुंगा व्यंग घेऊन निघतो.

आपल्या माडबागांस यातून बोध

गेंड्या भुंग्याची अळी माडास इजा करीत नाही. इजा करतो तो पूर्ण वाढलेला भुंगा. तो माडाच्या शेंड्यात शिरून न उमललेला कोंब पोखरतो. पुढे झावळी उलगडली म्हणजे ती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. लहान माडाचा कोंबच नष्ट झाला तर माड मरतो, आणि तो लावून वाढविण्यात गेलेली वर्षे वाया जातात.

हा भुंगा वाढतो तो आपल्याच खड्ड्यांत, लाकडाच्या गिरणीमागील भुशाच्या ढिगांत व पडून कुजणाऱ्या माडाच्या खोडांत. वर सांगितलेल्या कृतीत जो ढीग तापलेला आहे त्यात अळी जगत नाही. निवालेला व मऊ पडलेला ढीग मात्र तिचा पाळणा ठरतो. खड्डा पालटून तापविणे आणि खत तयार होताच शेतात नेऊन पसरणे हाच पहिला उपाय होय. निवालेले खत माडांजवळ वर्षभर पडू देणे म्हणजे वैऱ्यास घर बांधून देणे होय. अंड्यापासून भुंगा होण्यास काही महिने लागतात. दर दोन महिन्यांनी खड्डा उपसून अळ्या वेचून माराव्यात, म्हणजे त्यांतील फारच थोड्या पंखांपर्यंत पोहोचतील. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी खड्ड्यात मिसळल्यास अळ्यांना रोग होऊन त्या मरतात. मेलेले माड तोडून त्यांची खोडे वेळीच बागेबाहेर काढावीत.

अळी मारण्यापूर्वी ती ओळखावी. सपाट जागी ठेवली असता जी अळी पाठीवर उताणी होऊन सरपटते ती फुलभुंग्याची होय. ती खताच्या ढिगात केवळ कुजका पाला खाते, म्हणून तिला सोडून द्यावे. पिकांची मुळे खाणारी शेतातील हुमणी याहून निराळी असते.

अळ्या असलेले खत अथवा जिवंत भुंगे दुसऱ्या गावी नेऊ नयेत. १९०९ मध्ये सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर गेंड्या भुंगा सामोआ बेटांत शिरला आणि तेथील माडांवर मोठे संकट आले. १९६३ मध्ये मलायात या भुंग्याच्या अळ्यांत एक विषाणुरोग सापडला. १९६७ मध्ये तो विषाणू सामोआत सोडण्यात आला व त्यानंतर भुंग्यांची संख्या घटली. बेफिकिरीने नेलेल्या एका ओझ्याचे प्रायश्चित्त त्या बेटांना अर्धशतकाहून अधिक काळ भोगावे लागले.

ग्रामसेवकांस सूचना

गावच्या शाळेत एक निरीक्षण-पेटी ठेवणे सहज शक्य आहे. काचेच्या बरणीत आंबविलेला भुसा भरून त्यात खड्ड्यातील तीनचार अळ्या सोडाव्यात व तोंडास बारीक तारेची जाळी पक्की बसवावी. अळी, कोष व भुंगा या अवस्था मुले डोळ्यांनी पाहतील आणि घरी जाऊन वडिलांच्या खड्ड्यात त्या ओळखतील. भुंगे निघताच ते साबणाच्या पाण्यात बुडवून मारावेत. एकही बाहेर सुटू देऊ नये.

जपानी मुलास भुंगा सोबती वाटतो आणि आपल्या बागायतदारास वैरी. दोघांनाही ज्ञान हवे ते एकाच गोष्टीचे, कुजणाऱ्या लाकडाचे. ज्यास आपला ढीग आज तापलेला आहे की निवालेला हे हात घालून सांगता येते, त्याचे खतही चांगले होते आणि त्याचे माडही सुरक्षित राहतात.