बारा ट्रॉल्या माती

अकोल्याच्या बाजार समितीत मी गेलो होतो तुरीच्या भावाची बातमी करायला. तिथं एका हमालाचा कान दिसला आणि तूर बाजूला राहिली. कानाच्या पाळीच्या जागी मांसाची घट्ट गाठ. मानेला मान भिडवून, डोक्यानं डोकं रेटून वर्षं काढली की पैलवानाचा कान असा मोडतो. पण हा माणूस पन्नाशी ओलांडलेला, पाठीवर पोतं, कपाळाला फडकं.

‘अजून खेळता?’ मी विचारलं.

‘रोज. या ना सकाळी पाच वाजता. पाहाले नका येऊ, लंगोट घालून या.’

मी त्रेचाळीस वर्षांचा, आयुष्यात कधी कुस्ती न खेळलेला. तरी गेलो. त्याला आता आठ महिने झाले.

मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात पत्र्याखाली एक हौद, शेंदूर लावलेला मारुती, भिंतीला टेकवलेल्या लाकडी जोड्या, एवढाच हा आखाडा. आत शिरण्याआधी त्याचा वास भेटतो. ओल्या मातीत मुरलेलं तेल, आंबलेलं ताक, हळद, कापूर. घरी आंघोळ करून ऑफिसात बसलो तरी दुपारपर्यंत तो वास नखांत राहतो. मला तो आता हवासा वाटतो.

माती तांबडी आहे, आणि वऱ्हाडात ही साधी गोष्ट नव्हे. आपली माती काळी, कपाशीची. काका हौद उकरता उकरता पहिल्याच दिवशी म्हणाले (त्या हमालाला मी काका म्हणतो, ते मला भाऊ), ‘काळी माती कामाची नाई, भाऊ. पाणी पडलं का चिकटते, वाळली का दगड. हे बाहेरून आनली. बारा ट्रॉल्या.’ लोकवर्गणी झाली, ट्रॅक्टर आले, पोरांनी टोपल्यांनी माती आत नेली. दगडगोटे निघावेत म्हणून ती चाळणीनं चाळली, मग तेल-ताक घातलं. हे सांगताना दर दोन वाक्यांनी ते बारा ट्रॉल्यांवर येत होते. मी घाईनं फावडं मारून माती हौदाच्या कठड्याबाहेर उडवली तेव्हा त्यांनी वाकून ती मूठभर माती उचलली आणि आत टाकली. बोलले काहीच नाहीत.

डंड, बैठका, मानेची मेहनत, मग जोड. क्रम रोजचा आहे. मात्र हौद उकरण्याबद्दल सांगायला हवं. रात्रीतून माती बसते. तिच्यावर पडलं तर ती फरशीसारखी लागते. म्हणून पहाटे दोघांनी समोरासमोर उभं राहून वीतभर खोल उकरायची, पाणी शिंपडायचं, पायानं सारखी करायची. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा रात्रीही ओली पोती पसरावी लागतात. पहिले कित्येक दिवस मला एवढंच काम होतं. सुरुवातीला वाटलं, नवख्याला राबवून घेतात. नंतर कळलं, ज्या मातीवर आपली पाठ आपटणार आहे तिचा मऊपणा आपल्या हातांना आधी ठाऊक असावा लागतो.

आणि मग एक दिवस ढाक हा डाव. काकांनी माझी मान आणि दंड पकडला, कंबर आत घातली आणि छत व जमीन यांची अदलाबदल झाली. मी आपटलो, पण डोकं आपटलं नाही. मानेखाली त्यांचा हात होता. दिवसभर पोती उचलून तळवा खरखरीत झालेला, आणि पडता पडता तो तळवा माझ्या मानेखाली पोचला होता. ‘आंग सैल सोडा, भाऊ. आखडलं का मोडते.’ आठ महिन्यांत पट शिकलो, टांग थोडी जमते, पण मी परत परत जातो ते त्या हातासाठी. एवढ्या वर्षांत मला इतक्या काळजीनं कुणी पाडलं नव्हतं.

त्रेचाळिसाव्या वर्षी कशाला, असं घरचे विचारतात. बरगडी दुखावली की तीन आठवडे जातात, हेही खरं. नायटा हा मातीवर आणि गादीवरही पैलवानाचा पाठलाग करतो. हळदीवर भिस्त ठेवून मी त्याचा महिनाभर त्रास काढला, शेवटी त्वचारोगतज्ज्ञाचं मलमच कामी आलं. पण कुस्ती फक्त पदकाच्या पोरांसाठी, हा समज मला पटत नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली ज्या कामाची सुरुवात केली, ते आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. व्यायाम साध्या माणसापर्यंत जावा, हे त्या नावातल्या ‘प्रसारक’ या शब्दातच आहे. याच मंडळाचं पथक १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं.

गेल्या महिन्यात अमरावतीलाच एका ज्युदोच्या वर्गात गेलो. तिथं गादी. जपानी जिगोरो कानो यांनी १८८२ साली घडवलेली ही विद्या पडण्यापासूनच सुरू होते: हनुवटी छातीला, हात तिरका, तळव्यानं गादीवर चापट. पोरं ओळीनं पडत होती, फटाफट आवाज येत होता. शिस्त आवडली. गादीची सवय हवीच, हेही मान्य. पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली ऑलिम्पिकसाठी लंडनला गेले तेव्हा गादी त्यांना नवखी होती, सहावे आले; १९५२ साली हेलसिंकीत तीच गादी वश करून कांस्य आणलं. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात. तरी त्या वर्गात मी पाडणाऱ्याचा हात शोधत होतो. तिथं प्रत्येकानं आपापलं पडणं आपणच सांभाळायचं होतं.

परतल्यावर काकांना ते सारं सांगितलं. चापटीची रीत त्यांनी लक्ष देऊन ऐकली, मग हौदात एकदा स्वतः तसं पडून पाहिलं. ‘चांगलं हाय,’ म्हणाले. ‘पोराइले शिकवू.’

सव्वासातला त्यांना बाजार गाठायचा असतो. निघण्याआधी आम्ही हौदाच्या काठावर उभे राहतो. घामानं अंगाला चिकटलेली माती हातानं खरडून हौदातच टाकायची, हा त्यांचा नेम. पाठीपर्यंत आपला हात पोचत नाही. म्हणून मी त्यांची पाठ खरडतो, ते माझी. तांबड्या मातीच्या वळकट्या तळव्याखालून सुटून खाली पडतात, आणि ते मानेपासून कमरेपर्यंत पुन्हा एकदा हात फिरवून पाहतात, कुठं राहिली का.