परांचीवरची हजेरी

बांधकाम मजुराची सुरक्षितता साइटवर पोचण्याआधी, उचल घेतानाच बरीचशी ठरलेली असते. उदाहरण नवापूर तालुक्यातल्या खांडबाऱ्याचे: हे गाव सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. पावसाळी शेती आटोपून दिवाळी झाली, की या पट्ट्यातली अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला आणि बांधकामावर गुजरातकडे निघतात. मुकादमाने आधी दिलेली उचल मजुरीतून कापली जाते.

रेती चाळणे, माल कालवणे, विटा वाहणे ही कामे सगळीकडे सारखीच. खरा प्रश्न परांचीवर येतो. तिथे उभे राहून घमेले झेलणाऱ्या बिगाऱ्याच्या तळपायाला बांबू हलल्याचे सर्वांआधी कळते. पण काम थांबवण्याचा अधिकार त्याला नाही. त्याच्यावर मिस्त्री, मुकादम, पोटठेकेदार, ठेकेदार अशी उतरंड असते. त्याने हात आखडला तर हजेरी बुडते. उचल मात्र तशीच राहते. मुकादम गावातला किंवा नात्यातला असला, तर तोंड उघडणे आणखी अवघड.

1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने मजुरांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती सक्तीची केली, ती 500 किंवा अधिक मजुरांच्या कामावर. दुमजली घराच्या किंवा छोट्या सोसायटीच्या कामावर 500 माणसे कुठून असणार? बिगाऱ्याचे ऐकून घेणारी जागा तिथे त्या कायद्यानेही ठेवलेली नव्हती.

घाईचा फटका सेंटरिंगला बसतो. साध्या सिमेंटच्या स्लॅबचे टेकू गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर किमान 7 दिवस, त्याहून मोठा असेल तर 14 दिवस काढू नयेत, असे भारतीय मानक सांगते. भाड्याच्या प्लेटा लवकर सोडवायच्या म्हणून हे दिवस कमी करण्याचा मोह होतो, आणि खाली बिगारीच असतो. कामाची वेळ संपल्यावरही धोका टळत नाही. 29 जून 2019 रोजी पुण्यात कोंढव्याला सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 जण गेले. झोपडी कुठे बांधायची, हे मजुराला कोणी विचारत नाही.

हेल्मेट आणि पट्टा हवेतच. त्याआधी हवी ती धोक्यामुळे काम थांबलेल्या तासांची पूर्ण मजुरी, मजुराच्या बोलीत सकाळी दिलेली माहिती आणि मजुरांच्या संख्येची अट न लावता प्रत्येक साइटवर बिगाऱ्याचा एक प्रतिनिधी.