डिक्कीतला बेस मधेच का बंद पडतो

गाडीतल्या सबवूफरचा आवाज चालता चालता तुटला, की पहिला संशय अ‍ॅम्प्लिफायरवर जातो. बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. पुरेसे व्होल्टेज न मिळाल्याने, प्रमाणाबाहेर तापल्याने किंवा पुढे जोडलेला भार न झेपल्याने त्याने स्वतःला वाचवण्यासाठी काम थांबवलेले असते. तसे करायला लावणारा दोष बाहेर असतो: वायरीत, अर्थिंगमध्ये नाहीतर स्पीकरच्या जोडणीत. कारण न शोधता अ‍ॅम्प बदलला, तर नवाही त्याच ठिकाणी त्याच पद्धतीने बंद पडतो.

मोटारीची विद्युतव्यवस्था नावाला १२ व्होल्टची. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते आणि इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर ते १३.८ ते १४.४ पर्यंत नेतो. एवढ्या व्होल्टेजवर ४ ओहमच्या स्पीकरला थेट विसेक वॅटच देता येतात, आणि स्टिरिओच्या आतला छोटा अ‍ॅम्प तेवढेच देतो. म्हणून सबवूफरच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात आधी एक स्विचिंग पॉवर सप्लाय असतो. त्यातले मॉसफेट हे इलेक्ट्रॉनिक स्विच बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात आणि ट्रान्सफॉर्मर त्याचे व्होल्टेज वाढवतो. त्यानंतरचा भाग या वाढीव व्होल्टेजवर स्पीकर हलवतो.

वॅट वाढले तरी पुरवठा १२ व्होल्टचाच असल्याने प्रवाह मात्र प्रचंड लागतो. ५०० वॅट खऱ्या ताकदीचा क्लास डी मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा) ८० टक्के कार्यक्षमतेने चालला, तर तो बॅटरीकडून ६२५ वॅट, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ४५ अँपिअर ओढतो. घरातला दोन किलोवॅटचा गीझर ९ अँपिअरवर भागवतो. खोक्यावर छापलेल्या ‘३००० वॅट’कडे यासाठीच दुर्लक्ष करावे आणि अ‍ॅम्पच्या कडेला बसवलेला फ्यूज पाहावा. तो ३० अँपिअरचा असेल तर आत जाणारी ताकदच ४१४ वॅटच्या आसपास आहे. क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये त्यातली निम्मी-अर्धी उष्णतेत जाते.

आवाज नेमका केव्हा तुटतो, यावरून निम्मे निदान होते. प्रत्येक जोरदार ठोक्याला तुटत असेल, त्याच क्षणी डॅशबोर्डचे दिवे मंदावत असतील, तर व्होल्टेज पडते आहे. अर्ध्या तासाने बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू होत असेल, तर उष्णता. खड्ड्यात आदळल्यावर जात असेल, तर सैल जोडणी किंवा कुठेतरी उघडी तार. आवाज वाढवताक्षणी लाल ‘प्रोटेक्ट’ दिवा लागत असेल, तर शॉर्ट किंवा झेपण्यापेक्षा कमी ओहमचा भार. आणि अ‍ॅम्पचा हिरवा दिवा शांतपणे जळत असूनही बेस नसेल, तर अ‍ॅम्पपर्यंत सिग्नल येत नाही किंवा अ‍ॅम्पपासून स्पीकरपर्यंत काही जात नाही.

यातले सर्वाधिक गुन्हे अर्थिंगच्या नावावर आहेत. बॅटरीची धन वायर दिमाखात इंजिनापासून डिक्कीपर्यंत नेली जाते, पण ऋण बाजूला गाडीचा पत्राच परतीची वाट असतो. फिटर घाईत असला की तो अर्थ वायरीच्या टोकाची थिंबल जवळच्या बोल्टखाली, तीही पत्र्यावरच्या रंगावरच, कसून टाकतो. रंग वीज वाहत नाही. प्रवाह जातो तो बोल्टच्या आट्यांतून, जेमतेम टेकलेल्या धातूतून. तिथे ०.०५ ओहमचा विरोध असला, तर ४५ अँपिअरला सव्वादोन व्होल्ट त्या एका बोल्टवरच खर्च होतात. इंजिन बंद ठेवून गाणी लावली असतील आणि बॅटरी थकलेली असेल, तर अ‍ॅम्पपर्यंत १० व्होल्टही पोहोचत नाहीत आणि तो स्वतःला बंद करतो. कोकणातल्या दमट हवेत किंवा डिक्कीत पाणी झिरपत असलेल्या गाडीत हाच बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतो, मग सुरुवातीला नीट चाललेली फिटिंगही दगा देते.

असा दोष साध्या मल्टिमीटरवर ओहम मोजून सापडत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच विरोध त्याहून जास्त असतो. मोजायचे ते व्होल्ट, आणि तेही भार चालू असताना. इंजिन सुरू करून ५० हर्ट्झचा सलग सूर लावावा आणि अ‍ॅम्पच्या धन व अर्थ टर्मिनलांवर मीटर धरावा. बॅटरीवर १४ आणि इथे ११.५ दिसले, तर अडीच व्होल्ट वाटेत हरवले आहेत. मग मीटरची एक काडी अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर आणि दुसरी लांब वायर जोडून बॅटरीच्या ऋण खांबावर ठेवावी. इथे फार तर दोन-तीन दशांश व्होल्ट दिसावेत. एक व्होल्ट दिसला तर अर्थिंगच दोषी. रंग काचकागदाने घासून चकचकीत पत्रा उघडा करणे, थिंबल वॉशरसह घट्ट आवळणे आणि वरून गंजरोधक फासणे, एवढाच त्याचा इलाज. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ जोडणे सोयीचे दिसते, पण ते टाळावे. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे.

धन बाजूची तपासणीही तशीच. ५ मीटर लांबीच्या चार गेजच्या तांब्याच्या वायरीत ४५ अँपिअरला ०.२ व्होल्टही पडत नाही, त्याहून बारीक आठ गेजच्या वायरीत जवळपास अर्धा व्होल्ट पडतो. बाजारात ‘कॉपर’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम असते. त्याची वाहकता तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांश. वायरचे टोक खरवडले की आतली पांढरी तार दिसते. बॅटरीजवळच्या फ्यूज होल्डरलाही हात लावून पाहावा. काचेच्या फ्यूजची टोपणे सैल होऊन तापतात आणि फ्यूज न उडताच संपर्क सुटतो.

रिमोट वायर हा छोटा पण हटकून चकवणारा भाग. स्टिरिओ सुरू झाला की या बारीक वायरीतून १२ व्होल्ट येतात आणि अ‍ॅम्प जागा होतो. बाहेरून घेतलेल्या स्टिरिओंत निळी-पांढरी वायर अ‍ॅम्पसाठी असते, निळी अँटेनासाठी. काही स्टिरिओंत अँटेनाची वायर फक्त रेडिओ लागलेला असतानाच जिवंत असते. तिच्यावर अ‍ॅम्प जोडला, तर रेडिओवर बेस येतो आणि ब्लूटूथवर गाणे लावताच गायब होतो. असा ‘बिघाड’ घेऊन लोक महिनोन्‌महिने फिरतात.

उष्णतेचा मामला सरळ आहे. अ‍ॅम्पचे खाचांचे अ‍ॅल्युमिनियम कवच हाच त्याचा रेडिएटर. ते ८० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचले की संरक्षक मंडळ काम थांबवते. सीटखाली, गालिच्यात गुंडाळलेला किंवा उलटा टांगलेला अ‍ॅम्प विदर्भातल्या मे महिन्यात तिथे लवकर पोहोचतो, कारण डिक्कीतली हवाच तापलेली असते. सबवूफरच्या पेटीवर अ‍ॅम्प बसवण्याची पद्धत तर आणखी वाईट, सततच्या थरथरीने आतले सोल्डर सुटते.

स्पीकरच्या बाजूला आधी गणित तपासावे. ४ ओहमच्या दोन कॉइल असलेला सबवूफर समांतर जोडला तर २ ओहम, एकापाठोपाठ जोडला तर ८. असे दोन सबवूफर सगळे समांतर जोडले की भार १ ओहमवर येतो, आणि २ ओहमपर्यंतच तयार केलेला अ‍ॅम्प थोडा आवाज वाढवताच हात वर करतो. मीटरवर ४ ओहमची कॉइल ३.२ ते ३.८ दाखवते, त्यात काही वावगे नाही. आकडा स्थिर आहे का, हे मात्र महत्त्वाचे. मीटर लावून स्पीकरचा कोन दोन्ही हातांनी समतोल दाबावा आणि हळू सोडावा. आकडा उड्या मारत असेल, तर कोनपासून टर्मिनलपर्यंत लोंबणारी विणलेली तार तुटत आली आहे. ती हळू आवाजात टेकलेली असते आणि कोन जोरात हलला की सुटते.

गेनचा स्क्रू हा आवाज वाढवण्याचे बटण समजून पूर्ण फिरवलेला आढळतो. तो स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवण्यासाठी आहे. ४ ओहमवर ३०० वॅट हवे असतील, तर ५० हर्ट्झच्या सुराला आउटपुटवर सुमारे ३४.६ व्होल्ट आले की तिथेच थांबावे. मोजताना स्पीकर सोडवून ठेवावा. त्यापुढे लहरींचे माथे छाटले जातात आणि कॉइल व अ‍ॅम्प दोन्ही तापतात.

एवढे करूनही दोष राहिला, तर स्पीकरच्या वायरी आणि सिग्नल आणणारी आरसीए केबल काढून अ‍ॅम्प फक्त धन, अर्थ आणि रिमोटवर सुरू करावा. लाल दिवा गेला, तर दोष काढलेल्या वायरींत आहे. एकेक परत जोडत गेले की सापडतो. दिवा तरीही लागला किंवा फ्यूज तत्काळ उडाला, तर आतले मॉसफेट शॉर्ट झाले आहेत आणि अ‍ॅम्प दुरुस्तीच्या टेबलावर न्यायला हवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधीही घालू नये. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवलेला योग्य अँपिअरचा फ्यूज नसेल, तर वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाल्यावर गाडी पेट घेऊ शकते.