मुखडा उरतो, नाव गळतं

मी जालन्यातल्या एका बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. अंबड, भोकरदन, मंठा, जिथली सुपारी येईल तिथं जातो. नवरदेवाचा परण्या, म्हणजे मिरवणूक, निघाली की पोरं गाण्याचं नाव सांगत नाहीत. 'ते कंबरेचं घ्या' म्हणतात. म्हणजे संजू राठोडचं 'शेकी'. जळगाव जिल्ह्यातल्या या बंजारा गायकाचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये देशभर गाजलं, पाठोपाठ २०२५ मध्ये 'शेकी'. दोन्हींचं संगीत जी-स्पार्कचं.

अशी ओळ पसरते कशी? एक तर ती आधीच लोकांच्या तोंडात असते. 'शेकी'च्या मुखड्यातली 'एक नंबर' ही दाद आम्ही बैलजोडीलाही देतो, जिलेबीलाही. 'गुलाबी साडी'त तर काय करायचं ते नावातच आलं: कपाटातली साडी काढा, नेसा, नाचा. दुसरं म्हणजे रील. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणल्या. तिथं दुसऱ्याच्या रीलमधला आवाज एका बोटानं उचलून आपल्या नाचाला लावता येतो. पाहणारा माणूस लगेच वाजवणारा होतो.

मुखड्यावर थांबायची ही रीत मात्र रीलची नाही. अंतरा लागला की परण्यातले पाय मंदावतात, म्हणून आम्ही मुखड्यावर परत येतो, पुन्हा पुन्हा. २०१५ च्या सुमारास संजय लोंढे यांची 'शांताबाई' आली, २०१६ ला 'सैराट'मधलं 'झिंगाट', तेव्हाही हेच केलं. त्याच्या कितीतरी आधी तमाशातले झीलकरी, म्हणजे मागचे साथीदार, ध्रुपद झेलून उचलत राहायचे, मागं बसलेल्या माणसालाही ते पाठ होईपर्यंत.

एक गोष्ट मात्र बदलली, आणि ती माझ्या मनाला लागते. राम जोशी, पठ्ठे बापूराव लावणीच्या शेवटी आपलं नाव गुंफत. कॅसेटच्या काळात प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांचे चेहरे कव्हरावर असत. रील शेवटच्या कडव्यापर्यंत जातच नाही. 'शांताबाई'वर नाचणाऱ्यांना ते गाणं कुणाचं असं विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. गाणं लिहिणाऱ्याला पुढची सुपारी त्याच्या नावावर मिळते, ओळीवर नाही. तेव्हा घरातल्या पोरांनी रील टाकली, तर तिच्याखाली गाणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं आणि चाल बांधणाऱ्याचं नाव तेवढं लिहायला सांगा.