टक्क्यांपलीकडचं मूल दाखवणारी फाइल

निकालाचा दिवस आठवा. प्रगतीपुस्तक हातात पडतं, नजर आधी टक्क्यांवर जाते, मग गणिताच्या मार्कांवर. पुढचा प्रश्न ठरलेला, "वर्गात पहिलं कोण आलं?" त्याच वर्षात तुमच्या मुलीने स्टेजवर बोलायची भीती घालवलेली असते, लहान भावाला पाढे शिकवलेले असतात. पण त्याची नोंद कुठेच नसते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हीच अडचण ओळखली. त्यात समग्र प्रगतीपत्रकाची कल्पना मांडली आहे. शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबरच मुलाने स्वतःबद्दल काय लिहिलं आणि वर्गमित्रांना काय वाटलं, यालाही त्यात जागा आहे. एनसीईआरटीच्या 'परख' या केंद्राने अशा प्रगतीपत्रकाचे नमुनेही तयार केले आहेत. तुमच्या शाळेत ते आलं असो वा नसो, घरी एक साधी फाइल तुम्ही आजच सुरू करू शकता. शाळांमध्ये तिला पोर्टफोलिओ म्हणतात.

फाइलमध्ये काय ठेवाल?

सर्टिफिकेटं ठेवाच. चित्रकलेची एलिमेंटरी, गांधर्वची प्रवेशिका, शिष्यवृत्ती परीक्षा, धावण्याची शर्यत, सगळी. पण सर्टिफिकेट फक्त निकाल सांगतं. मूल तिथपर्यंत कसं पोहोचलं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी या गोष्टी हव्यात:

• आधीचं आणि नंतरचं: जूनमधला एक निबंध आणि फेब्रुवारीतला एक. पहिलं चित्र आणि दहावं. प्रत्येकावर तारीख हवीच.

• कच्चं काम: प्रोजेक्टचा पहिला आराखडा, खाडाखोड केलेलं पान, फसलेल्या प्रयोगाचा फोटो.

• शाळेबाहेरचं: मुलाने एकट्याने केलेली पोळी, गच्चीवर वाढवलेली मेथी, आजीला शिकवलेला व्हिडिओ कॉल. ही कौशल्यंच आहेत.

दोन ओळी मुलाच्या

प्रत्येक पानाखाली मुलाला तीन प्रश्नांची उत्तरं लिहू द्या. मी काय केलं? कुठे अडलो? पुढच्या वेळी काय वेगळं करीन?

"मी मेहनती आणि आत्मविश्वासू आहे," या वाक्यातून काहीच कळत नाही. "भाषणात दोनदा विसरलो, पण कागद न बघता पूर्ण केलं," हे वाचलं की मूल डोळ्यांसमोर उभं राहतं. शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या तर राहू द्या. पुढच्या वर्षी तीच पानं वाचताना त्याला स्वतःलाच फरक दिसेल. लहान मुलं बोलतील ते तुम्ही लिहा, पण शब्द त्यांचेच ठेवा. ती मराठीत लिहितील, हिंदीत किंवा इंग्रजीत, ज्या भाषेत मोकळी होतात त्या भाषेत लिहू द्या.

कमी मार्कांचं पान फाडू नका

गणितात ३५ पैकी ११ मिळालेला पेपरही फाइलमध्ये असू द्या, मुलाची तयारी असेल तर. त्याच्यामागे चुका सुधारून सोडवलेली गणितं लावा. पुढच्या चाचणीत १९ मिळाले, तर ती आठ मार्कांची वाढ एखाद्या मेडलइतकीच मोलाची आहे. आणि नाहीच वाढले, तर नेमकं कुठे अडतंय हे शिक्षकांना दाखवायला तीच पानं कामी येतात.

उपयोग कधी होतो?

पालकसभेत "कसा आहे अभ्यास?" असं मोघम विचारण्यापेक्षा दोन पानं समोर ठेवा, बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. नोकरीत बदली होऊन पुण्याहून इंदूरला किंवा हैदराबादला गेलात, तर नव्या शाळेत मुलाला कोणी ओळखत नसतं. तिथे ही फाइल त्याची ओळख करून देते. दहावीनंतर शाखा निवडताना, कशात आपण सातत्याने रमलो, हेही त्यातूनच दिसतं. अशा वेळी अख्खी फाइल नेऊ नका. मुलालाच निवडायला सांगून दहा-बारा पानं पुरे.

एवढं टाळा

• रात्री जागून आईनेच फाइल सजवणं. ती सुंदर दिसेल, पण ती मुलाची राहणार नाही.

• बहिणीच्या किंवा शेजारच्या मुलाच्या फाइलशी तुलना.

• आधार क्रमांक, पत्ता किंवा शाळेचं ओळखपत्र दिसेल असे फोटो सोशल मीडियावर टाकणं.

• मुलाला न विचारता पाहुण्यांसमोर फाइल उघडणं.

खर्च म्हणाल तर एक साधी फाइल आणि काही प्लॅस्टिकचे पाऊच. महिन्यातून एक रविवार, अर्धा तास द्या. मुलाच्या शेजारी बसा आणि विचारा, "या महिन्यातलं काय ठेवूया?" कदाचित तुम्हाला वक्तृत्व स्पर्धेचं बक्षीस ठेवावंसं वाटेल आणि ते म्हणेल, "मला पोहायला यायला लागलं, ते ठेवूया." तेव्हा त्याचंच ऐका.