शेऱ्याचा रकाना शेवटीच का?

शाळेतील निकालपत्रक डोळ्यांसमोर आणा. हजेरी क्रमांक, नाव, विषयवार गुण असे रकाने आखलेले असतात आणि शेरा बहुधा सर्वांत शेवटी. शेरा कधी एका शब्दाचा, तर कधी दोन ओळींचा. तो मधेच असता तर पुढचे रकाने कुठून आखायचे, हा प्रश्न पडला असता. सी या संगणकभाषेतील एका नियमामागे हाच विचार आहे.

एका विद्यार्थ्याची निरनिराळी माहिती एकत्र ठेवण्यासाठी सी भाषेत 'स्ट्रक्चर' वापरतात. समजा, त्यात क्रमाने हजेरी क्रमांक, सहा विषयांचे गुण आणि उंची अशा पूर्णांक संख्या आहेत. प्रत्येक संख्येला ४ बाइट जागा लागते असे धरू. नोंदीच्या सुरुवातीपासून ०, १, २ असे बाइट मोजले, तर गुण ४ या बाइटपासून आणि उंची ४ + (६ × ४) = २८ या बाइटपासून सुरू होते. आपला प्रोग्रॅम यंत्रभाषेत आणणारा कंपायलर ही बेरीज आधीच करून ठेवतो. 'उंची' जिथे येईल तिथे तो २८ हा आकडा घालतो. प्रोग्रॅम चालताना शोधाशोध उरत नाही.

पण विषयांची संख्या आधी ठरलेली नसेल तर? सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणाने बदलत्या लांबीच्या ॲरेला, म्हणजे संख्यांच्या रांगेला, मान्यता दिली. तिची लांबी प्रोग्रॅम चालू असताना ठरते. स्ट्रक्चरच्या आत मात्र असा ॲरे ठेवता येत नाही. विषय 'न' असतील तर उंचीची जागा ४ + ४न होते आणि न ची किंमत कंपायलरला ठाऊक नसते. शिवाय ही नोंद प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागाकडे पाठवली, तर तिथे न किती हे कोण सांगणार?

त्याच प्रमाणाने एक वाटही दिली. लांबी न लिहिलेला ॲरे स्ट्रक्चरमध्ये चालतो, पण फक्त शेवटी. आपल्या नोंदीत हजेरी क्रमांक, उंची व विषयसंख्या आधी घ्या आणि गुण शेवटी. मग गुण नेहमी १२ या बाइटपासूनच सुरू होतील. नोंदीसाठी १२ + ४न बाइट जागा मागून घेण्याचे काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे.

जीसीसी हा कंपायलर मात्र नियमापलीकडे जाऊन स्ट्रक्चरच्या आतही बदलत्या लांबीचा ॲरे चालवून घेतो. प्रत्येक जागेचा हिशेब तो प्रोग्रॅम चालताना करवतो. क्लँग हा कंपायलर तसे करण्यास नकार देतो. लिनक्स या प्रणालीचा गाभा जीसीसी गृहीत धरून लिहिला गेला होता आणि त्यात काही ठिकाणी ही सवलत वापरली होती. क्लँगने तो गाभा तयार करताना ही ठिकाणे आडवी आली. २०१४ मध्ये संकेतलेखनाच्या भागातील अशी स्ट्रक्चरे बदलण्यात आली.

पुढे याहून मोठी अडचण पुढे आली. असे ॲरे 'स्टॅक' या तात्पुरत्या जागेत राहतात. ६४ बिटी इंटेल पद्धतीच्या संगणकावर लिनक्सच्या गाभ्यात एका कामासाठी हा स्टॅक सहसा अवघा १६ किलोबाइटचा असतो. न ची किंमत बाहेरून आली आणि ती फार मोठी निघाली, तर ॲरे स्टॅकची हद्द ओलांडतो आणि शेजारची माहिती बिघडते. म्हणून स्ट्रक्चरबाहेरचे बदलत्या लांबीचे ॲरेही काढण्यात आले. डिसेंबर २०१८ च्या ४.२० या आवृत्तीपर्यंत हे काम झाले.

वर्गात एक उदाहरण सोडवून घ्या. तीन विद्यार्थ्यांचे विषय अनुक्रमे ६, ४ आणि ७ आहेत. गुण शेवटी ठेवून नोंदी एकापुढे एक मांडल्या तर त्या ३६, २८ आणि ४० बाइटच्या होतात, एकूण १०४. सर्वांना सात विषयांची जागा दिली तर १२० बाइट लागतात. म्हणजे पहिल्या रीतीत १६ बाइट वाचले. आता विचारा, तिसरी नोंद कुठे सुरू होते? दुसऱ्या रीतीत २ × ४० = ८०, हे काहीही न वाचता सांगता येते. पहिल्या रीतीत उत्तर ६४ आहे, पण त्यासाठी आधीच्या दोन्ही नोंदींतील विषयसंख्या वाचावी लागते. हजारावी नोंद हवी असेल तर? अशा शेपटी वाढणाऱ्या स्ट्रक्चरांचा ॲरे करण्यास सीचे प्रमाण का मनाई करते, याचे उत्तर विद्यार्थी स्वतःच देतील.