जुना सर्व्हर आणखी किती उन्हाळे काढणार?

दुकानातला पंखा घरघरू लागला की मालक लगेच मिस्त्रीला बोलावतो. जिन्याखालच्या सर्व्हरचा पंखा घरघरला तर मात्र उत्तर ठरलेले असते, "चालू आहे ना, मग हात लावू नका." अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठेत हे उत्तर आम्ही कितीदा तरी ऐकले आहे.

आमच्या परिचयाच्या एका कापड दुकानात हेच झाले. सर्व्हरमध्ये दोन हार्ड डिस्क होत्या. एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उतरत असे. एक डिस्क केव्हाच बंद पडली होती आणि तिचा लाल दिवा सर्वांना दिसत होता. काम अडत नव्हते म्हणून कुणी लक्ष दिले नाही. मे महिन्यात दुसरीही गेली. बॅकअप पेनड्राइव्हवर होता. पण तो उघडतो की नाही हे कधीच पाहिले नव्हते, आणि तो उघडला नाही. बिलबुकाच्या कार्बन प्रतींवरून मुनिमाने पुढचे कित्येक आठवडे नोंदी पुन्हा चढवल्या. उधारीच्या काही रकमा मात्र सापडल्याच नाहीत.

आपल्याकडे दोष निम्मा उन्हाचा. सर्व्हरला 18 ते 27 अंशांची हवा मानवते. बहुतेक यंत्रे 35 अंशांपर्यंतच्या हिशेबाने बनवलेली असतात. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि यंत्र असते पोटमाळ्यावर, गाठींच्या मागे. जिनिंगमध्ये तर कापसाचे तंतू थेट पंख्यात जातात.

दुसरी बाब डोळ्यांना दिसत नाही. विंडोज सर्व्हर 2008 आर-2 ची सुरक्षा-दुरुस्ती कंपनीने 14 जानेवारी 2020 ला थांबवली, 2012 आर-2 ची 10 ऑक्टोबर 2023 ला. पैसे मोजून मिळणारी वाढीव मुदत वेगळी, ती लहान दुकानदार घेत नाही. 2016 च्या आवृत्तीची मुदत 12 जानेवारी 2027 पर्यंत आहे.

"आमच्या दुकानात कोण घुसणार?" असे विचारणाऱ्यांनी जून 2017 आठवावा. नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे कोसळले. मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरात याच समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. मर्स्ककडे तोवर विंडोज 2000 वरचे सर्व्हरही चालू होते, असे पुढे उघड झाले. कंपनीला दहा दिवसांत सुमारे 4,000 सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. वऱ्हाडच्या वाचकांना गंमत वाटेल, घानातला त्यांचा एक महत्त्वाचा सर्व्हर वाचला तो केवळ तिथे वीज गेली होती म्हणून! महावितरणवर इतकी भिस्त कुणी ठेवू नये.

तरी नवा सर्व्हर घेण्यापूर्वी विचार करावा. चार-पाच काउंटरच्या दुकानाला महागडा सर्व्हर लागतोच असे नाही. दोन एसएसडी आणि चांगला यूपीएस असलेला साधा संगणक टॅलीला पुरतो. क्लाउडही आहे, पण इंटरनेट गेल्यावर बिल कसे फाडणार ते आधी ठरवावे. आयकरात संगणकावर 40 टक्के घसारा मिळतो, हे सीएंना विचारून हिशेबात धरावे.

बदलाचा मुहूर्त दिवाळीनंतरचा, थंडीतला बरा. सध्या काही वर्षे रमजान ईदचा हंगाम आणि मार्चअखेर पाठोपाठ येत आहेत, त्या धांदलीत हे काम काढू नये. जीएसटी विवरणपत्राच्या 11 आणि 20 तारखाही टाळाव्यात. आधी बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून ताळेबंद जुळवावा, मगच स्थलांतर करावे. जुने यंत्र एक विवरणपत्र भरेपर्यंत हलवू नये. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने जपायचे आहेत, तेव्हा जुन्या वर्षांचा डेटाही सोबत न्यावा.

शेवटी जुनी डिस्क. तिच्यात ग्राहकांचे पत्ते, उधारी आणि बँकेचे तपशील असतात. ती पुसून किंवा फोडूनच नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावी. भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. छापखानेवाल्यांनी आणखी एक पाहावे. इनपेजचा जुना डोंगल प्रिंटरच्या पोर्टला लागणारा असेल, तर नव्या यंत्राला ते पोर्ट आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.